ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट… चमकणारे इंग्रजी शब्द ‘जीएल’नेच का सुरू होतात?

डिक्शनरीत ‘ग्लो’ शोधा. अर्थ दिसतो, चमकणे. ‘ग्लीम’ शोधा. पुन्हा चमकणे. मग ‘ग्लिटर’, ‘ग्लिंट’, ‘ग्लिसन’, ‘ग्लिमर’… इंग्रजी-मराठी शब्दकोशात या सगळ्यांसमोर थोड्याफार फरकानं चमकणे, चकाकणे, लकाकणे असंच काहीतरी लिहिलेलं असतं. शब्द सगळे छोटे, सुरुवात सगळ्यांची ‘जी’ आणि ‘एल’ या दोन अक्षरांनी, आणि अर्थ सगळ्यांचा उजेडाशी जोडलेला.

आता दुसरा गट बघा. ‘स्नीझ’ म्हणजे शिंकणं, ‘स्नोअर’ म्हणजे घोरणं, ‘स्निफ’ म्हणजे हुंगणं, ‘स्नॉर्ट’ म्हणजे नाकातून फुरफुरणं, ‘स्नाउट’ म्हणजे प्राण्याचं पुढे आलेलं नाकाड आणि ‘स्नॉट’ म्हणजे शेंबूड. सगळे शब्द ‘एसएन’चे आणि सगळे नाकाचे.

तिसरा गट तर शाळेतच पाठ झालेला असतो. हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय, व्हिच. हे सगळे ‘डब्ल्यूएच’चे आणि सगळे प्रश्न विचारणारे.

सोशल मीडियावर इंग्रजी शिकवणारे बरेच जण यावरून एक ट्रिक सांगतात. शब्दाची पहिली दोन अक्षरं बघा आणि अर्थ ओळखा. मराठी माध्यमातून शिकून स्पर्धा परीक्षेसाठी रोज वीस-पंचवीस शब्द पाठ करणाऱ्यांना ही ट्रिक मोहात पाडणारी आहे. पण ती खरंच चालते का? आणि चालत असेल तर कुठपर्यंत?

याचं थोडक्यात उत्तर असं की सारख्या अक्षरांनी सुरू होण्यामागे तीन वेगवेगळी कारणं असतात. काही शब्द एकाच घरातले असतात. काही शब्द एकमेकांच्या संगतीनं एकत्र आलेले असतात. आणि काहींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. कोणता शब्द कुठल्या गटातला, हे कळलं की ट्रिक कधी वापरायची आणि कधी नाही, हेही कळतं.

एकाच घरातले : ‘डब्ल्यूएच’ आणि आपला ‘क’

पत्रकारिता शिकणाऱ्यांना पहिल्या काही दिवसांत ‘पाच डब्ल्यू आणि एक एच’ शिकवतात. बातमीत कोण, काय, केव्हा, कुठे, का आणि कसं या सहा प्रश्नांची उत्तरं हवीत. मराठीत याच गोष्टीला ‘सहा ककार’ म्हणतात. इंग्रजीत प्रश्न ‘डब्ल्यूएच’नं सुरू होतो, मराठीत ‘क’नं. आणि हा योगायोग नाही.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीसमोर विल्यम जोन्स यांनी एक भाषण दिलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमध्ये इतकं साम्य आहे की त्या एकाच, बहुधा आता नाहीशा झालेल्या भाषेतून आल्या असाव्यात, असं त्यांनी मांडलं. या मूळ भाषेला आज अभ्यासक ‘प्रोटो-इंडो-युरोपियन’ म्हणतात. मराठी संस्कृत-प्राकृतच्या वाटेनं तिच्यापर्यंत पोहोचते आणि इंग्रजी जर्मन, डच या भाषांच्या शाखेतून.

या मूळ भाषेत प्रश्नार्थक शब्द ‘क्व’सारख्या आवाजानं सुरू व्हायचे. लॅटिनमध्ये तो आवाज तसाच राहिला, म्हणून तिथे ‘क्विस’ म्हणजे कोण आणि ‘क्वांदो’ म्हणजे केव्हा. संस्कृतमध्ये त्याचा ‘क’ झाला. मराठीत कोण, काय, कधी, कुठे, कसं, किती हे सगळे तिथूनच आले.

इंग्रजीच्या शाखेत मात्र ‘क’चा ‘ह’ झाला. हा बदल एखाद्या शब्दापुरता नव्हता, तो ठरावीक नियमानं घडला. हा नियम जेकब ग्रिम यांनी १८२२ मध्ये नीट मांडला. हे तेच ग्रिम, भावासोबत परीकथा गोळा करणारे. तर ‘क्व’चा झाला ‘ह्व’. जुन्या इंग्रजीत हे शब्द ‘एचडब्ल्यू’ असेच लिहिले जायचे, म्हणजे आधी एच आणि मग डब्ल्यू. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर हळूहळू लिहिण्याची पद्धत बदलली आणि अक्षरांची अदलाबदल होऊन ‘डब्ल्यूएच’ आलं.

मग ‘हाऊ’चं काय? तो तर नुसत्या एचनं सुरू होतो. तोही याच घरातला आहे. फरक इतकाच की त्याच्यातला ‘व’ फार लवकर गळून पडला. ‘हू’मध्ये तर डब्ल्यू लिहितात, पण बोलत नाहीत. म्हणजे सहा ककार आणि पाच डब्ल्यू-एक एच ही एकाच कुटुंबाची दोन आडनावं आहेत.

याच ‘डब्ल्यूएच’मध्ये आणखी काही नातेवाईक लपलेत. ‘व्हील’ म्हणजे चाक. हा शब्द आणि संस्कृत ‘चक्र’ एकाच मुळाचे आहेत, आणि चक्राचंच मराठीत चाक झालं. ‘व्हाइट’ आणि ‘श्वेत’ यांचंही मूळ एकच. पण त्यांचा प्रश्नार्थक शब्दांशी संबंध नाही. अक्षरं सारखी दिसली तरी घरं वेगळी असू शकतात, याचं हे पहिलं उदाहरण.

‘टीएच’ आणि आपला ‘त’

प्रश्नाला ‘क’ असेल तर उत्तराला ‘त’. कोण? तो. केव्हा? तेव्हा. कुठे? तिथे. कसं? तसं. किती? तितकं. मराठीची ही जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्याकडे लक्षही जात नाही.

इंग्रजीतही तेच आहे. व्हॉट? दॅट. व्हेन? देन. व्हेअर? देअर. मूळ भाषेतल्या दाखवणाऱ्या शब्दांचा ‘त’ संस्कृतमध्ये ‘तत्’, ‘तदा’, ‘तत्र’ असा राहिला आणि इंग्रजीच्या शाखेत त्याचा ‘थ’सारखा आवाज झाला. ‘दॅट’ आणि ‘तत्’ हे सख्खे नातेवाईक आहेत.

इथे एक कामाची गोष्ट आहे. ‘टीएच’नं सुरू होणाऱ्या कोणत्या शब्दाचा उच्चार आपल्या ‘द’कडे झुकणारा करायचा आणि कोणत्याचा ‘थ’कडे, हा गोंधळ अनेकांचा होतो. याचं सूत्र सोपं आहे. वाक्यात सांधा जोडणारे, दाखवणारे छोटे शब्द ‘द’कडे जातात. द, दिस, दॅट, दे, देम, देअर, देन, दॅन, दो, दस. आणि ज्या शब्दांना स्वतःचा ठोस अर्थ आहे, म्हणजे वस्तू, गुण किंवा क्रिया, ते ‘थ’कडे जातात. थिंक, थिन, थिक, थ्री, थंब, थिंग, थर्स्ट. शब्दाच्या सुरुवातीला ‘टीएच’ असेल तर हे सूत्र सहसा फसत नाही.

या दुसऱ्या यादीतही ओळखीचे चेहरे आहेत. ‘थ्री’ म्हणजे त्रि, तीन. ‘थिन’ म्हणजे संस्कृत ‘तनु’, बारीक, सडसडीत. ‘थर्स्ट’ म्हणजे ‘तृष्णा’, आणि त्याच तृष्णेची मराठीत ‘तहान’ झाली. नियम एकच आहे. आपल्याकडचा ‘त’ तिकडे ‘थ’ होतो.

‘टीडब्ल्यू’ म्हणजे दोन

‘टू’ म्हणजे दोन लिहिताना मध्ये डब्ल्यू कशाला, हा प्रश्न प्रत्येक मुलाला कधी ना कधी पडतो. उत्तर त्याच्या भावंडांकडे आहे. ट्विन म्हणजे जुळं, ट्वाइस म्हणजे दोनदा, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, बिट्वीन म्हणजे दोघांच्या मध्ये. या सगळ्यांत डब्ल्यूचा उच्चार आजही होतो. ‘टू’मध्येही तो पूर्वी व्हायचा. बोलण्यातून तो गेला, लिहिण्यात मात्र राहिला. संस्कृत ‘द्वि’मधला ‘व’ तोच.

या घरातले काही सदस्य पटकन ओळखू येत नाहीत. ‘ट्वेल्व्ह’चा मूळ अर्थ ‘दोन उरले’, म्हणजे दहा मोजून झाल्यावर उरलेले दोन. ‘ट्वाइन’ म्हणजे दोन पदर वळून केलेला दोरा, सुतळी. ‘ट्विस्ट’ही त्याच वळणाचा. ‘ट्विग’ म्हणजे डहाळी, जिथे फांदीचे दोन फाटे होतात. ‘ट्विल’ हे कापडाचं नाव दोन धाग्यांच्या विणीवरून आलं. आणि ‘ट्वायलाइट’ म्हणजे संधिप्रकाश, दिवस आणि रात्र या दोघांच्या मधला उजेड.

मग ‘ट्वीट’? तो इथला नाही. ट्वीट आणि ट्विटर हे पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करून झालेले शब्द आहेत, जसे आपले चिवचिव आणि किलबिल. २००६ मध्ये सुरू झालेल्या कंपनीनं हे नाव घेतलं आणि २०२३ मध्ये ते बदलून ‘एक्स’ केलं. पण दोन या आकड्याशी त्या नावाचा कधीच संबंध नव्हता. ‘ट्विंकल’, ‘ट्विच’, ‘ट्वीझर्स’ यांचंही तसंच.

संगतीनं एकत्र आलेले : ‘एसएन’चं नाक

आतापर्यंतचे शब्द रक्ताच्या नात्याचे होते. नाकाच्या शब्दांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

‘स्नीझ’ घ्या. जुन्या इंग्रजीत शिंकण्यासाठीचा शब्द ‘एस’नं नव्हे तर ‘एफ’नं सुरू व्हायचा. ‘फ्न’ असा आवाज, आज इंग्रजीत कुठेच न सापडणारा. श्वास, शिंक, घोरणं यांसाठी जुन्या इंग्रजीत असे ‘फ्न’चे काही शब्द होते. पुढे ‘फ्न’ हा आवाज इंग्रजीतून नाहीसा होत गेला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस शिंकेचा शब्द ‘स्नीझ’ म्हणून दिसू लागला.

‘एफ’च्या जागी ‘एस’च का आला? एक कारण लिपीत आहे. त्या काळी ‘एस’ लिहिण्याची एक लांब पद्धत होती आणि तो ‘एफ’सारखाच दिसायचा. वाचताना गफलत होणं सहज शक्य होतं. दुसरं कारण कानात आहे. स्नाउटसारखे ‘एसएन’चे नाकाचे शब्द आधीच वापरात होते. शिंकेचा शब्द त्यांच्या रांगेत जाऊन बसला आणि लोकांना तो तिथे शोभलाही.

भाषेत असं वारंवार होतं. एका अर्थाचे पाच-सहा शब्द एकाच आवाजानं सुरू होतात, मग त्या आवाजालाच त्या अर्थाचा वास लागतो आणि नवे शब्द तिकडे ओढले जातात.

नाक म्हटलं की तोरा आला. मराठीत आपण नाक मुरडतो, नाक उडवतो, नाकानं कांदे सोलतो. इंग्रजीतही तसंच झालं. ‘स्नीअर’ म्हणजे तुच्छतेनं हसणं, नाक मुरडणं. ‘स्निकर’ म्हणजे दबक्या आवाजात, नाकातून खिदळणं. ‘स्नूटी’ म्हणजे शिष्ट, आणि तो शब्द ‘स्नाउट’च्याच एका रूपावरून आलाय. सोशल मीडियावर टोमण्यांच्या भाषेला ‘स्नार्क’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात या शब्दाचा अर्थ घोरणं, फुरफुरणं असा होता. फुरफुरण्याचा टोमणा झाला, पण नाक सुटलं नाही.

पण प्रत्येक ‘एसएन’ नाकाकडे जात नाही. ‘स्नेक’ आणि ‘स्नेल’ म्हणजे साप आणि गोगलगाय यांचं मूळ ‘सरपटणं’ असं आहे. ‘स्नो’चा नाकाशी संबंध नाही. ‘स्नॅक’ हा शब्द चावा घेण्याच्या अर्थाच्या डच शब्दावरून आला. आणि दुसऱ्याच्या भानगडीत डोकावणं या अर्थाचा ‘स्नूप’ तर डच भाषेत ‘लपून गोडधोड खाणं’ असा होता.

आता ‘जीएल’ची चमक

‘ग्लो’, ‘ग्लीम’, ‘ग्लिटर’, ‘ग्लिसन’, ‘ग्लास’ यांच्यामागे एक जुनं मूळ आहे, ‘चमकणं’ या अर्थाचं. ‘गोल्ड’ आणि ‘यलो’ हे शब्दही त्याच मुळाचे मानले जातात. या मुळाची संस्कृत शाखा म्हणजे ‘हरि’ म्हणजे पिवळसर, ‘हिरण्य’ म्हणजे सोनं आणि ‘हरिद्रा’. हरिद्रेचीच मराठीत ‘हळद’ झाली. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीच्या फोटोवर ‘हळदी ग्लो’ असं कॅप्शन टाकणारे नकळत एकाच घरातले दोन शब्द शेजारी बसवतात.

पण ‘जीएल’चे सगळे शब्द या घरात जन्मलेले नाहीत. ‘ग्लान्स’ म्हणजे ओझरती नजर. त्याचा आधीचा अर्थ निसटून जाणं, तलवारीचा वार बाजूला घसरणं असा होता. मग नजर घसरली आणि हळूहळू तो पाहण्याचा शब्द झाला.

सगळ्यात भारी गोष्ट ‘ग्लॅमर’ची. हा शब्द ‘ग्रामर’चा, म्हणजे व्याकरणाचा, स्कॉटलंडमधला बदललेला उच्चार आहे. जुन्या काळी शिकलेल्या माणसाला जादूटोणाही येतो, असं लोकांना वाटायचं. त्यामुळे ‘ग्रामर’ला विद्या आणि जादू असे दोन्ही अर्थ चिकटले. त्यातल्या जादूच्या अर्थाचं झालं ‘ग्लॅमर’, म्हणजे डोळ्यांवर घातलेली मोहिनी. वॉल्टर स्कॉट या लेखकानं हा शब्द स्कॉटलंडबाहेर लोकप्रिय केला. आज ग्लॅमर म्हटलं की झगमगाट आठवतो. व्याकरणाच्या पुस्तकातून निघालेला शब्द ‘जीएल’च्या संगतीत येऊन चमकायला लागला.

‘ग्लोव्ह’, ‘ग्लू’ आणि ‘ग्लोब’ मात्र या संगतीत आले नाहीत. हातमोजा, डिंक आणि गोल. यांत चमक कुठेच नाही. ‘ग्लिच’ही नाही. तो यिडिश भाषेतल्या ‘घसरणं’ या अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असं मानतात. आणि ‘ग्लॉसरी’चा लिप ग्लॉसशी काही संबंध नाही. ग्लॉसरीचं मूळ ग्रीक भाषेतल्या ‘जीभ’ या अर्थाच्या शब्दात आहे.

अभ्यासक याला काय म्हणतात?

हे सगळं आज सुचलेलं नाही. इंग्लंडमधले गणितज्ञ जॉन वॉलिस, ज्यांनी गणितात अनंताचं आडव्या आठसारखं चिन्ह आणलं, त्यांनी १६५३ मध्ये इंग्रजी भाषेचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात त्यांनी अशा सुरुवातीच्या आवाजांच्या याद्याच दिल्या. ‘एसटीआर’ म्हणजे जोर, जसं स्ट्राँग, स्ट्राइक. ‘डब्ल्यूआर’ म्हणजे पीळ किंवा वाकडेपणा, जसं रिंग म्हणजे पिळणं, रेस्ट म्हणजे हिसकावणं.

ही ‘डब्ल्यूआर’ची यादी आजही लावून बघता येते. रिस्ट म्हणजे हात जिथून वळतो ते मनगट. रेंच म्हणजे पिळायचा पाना. रिंकल म्हणजे सुरकुती. रॅप म्हणजे गुंडाळणं. आणि ‘राँग’ म्हणजे चूक, त्याचा मूळ अर्थही वाकडा. मराठीतही आपण चुकीच्या पावलाला ‘वाकडं पाऊल’च म्हणतो.

अशा आवाजांना ‘फोनेस्थीम’ हे नाव १९३० मध्ये जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं दिलं. त्याआधी ते काही वर्षं लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

पण भाषाशास्त्रात याच्या अगदी उलट विचारही पक्का रुजलेला होता. फर्दिनां द सोस्यूर यांची जिनिव्हातली व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये पुस्तकरूपात आली. त्यांचं म्हणणं असं की शब्दाचा आवाज आणि अर्थ यांच्यात नैसर्गिक नातं नसतं. पाण्याला आपण पाणी म्हणतो, इंग्रज वॉटर म्हणतात. पाण्यात असं काहीच नाही, ज्यामुळे त्याचं नाव ‘प’नंच सुरू व्हावं.

मग खरं काय? २००४ मध्ये अमेरिकेतले अभ्यासक बेंजामिन बर्गन यांनी ‘लँग्वेज’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. लोकांना लागोपाठ दोन शब्द दाखवले. ग्लिटर-ग्लो अशी जोडी असेल, म्हणजे आवाजही सारखा आणि अर्थही, तर दुसरा शब्द लोक जास्त पटकन ओळखत होते. नुसता आवाज किंवा नुसता अर्थ सारखा असेल तर तितका परिणाम दिसत नव्हता. म्हणजे या जोड्या आपल्या डोक्यात खरोखर तयार झालेल्या असतात.

त्याच लेखातला एक आकडा ट्रिक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. अमेरिकन इंग्रजीच्या ‘ब्राउन कॉर्पस’ या शब्दसंग्रहात ‘जीएल’नं सुरू होणारे जितके वेगवेगळे शब्द आहेत, त्यांपैकी सुमारे ३९ टक्के शब्दांचा संबंध उजेड किंवा पाहणं यांच्याशी आहे. ‘एसएन’च्या शब्दांपैकी सुमारे २८ टक्के शब्द नाक किंवा तोंडाशी संबंधित आहेत. एवढ्या दोन अक्षरांसाठी हे प्रमाण फार मोठं आहे. पण उरलेले ६१ आणि ७२ टक्के शब्द वेगळ्याच वाटेनं जातात, हेही तितकंच खरं.

‘ग्ल’ म्हणजे चमक, हे सगळ्या भाषांत खरं आहे का?

अजिबात नाही. मराठीत ‘ग्ल’नं सुरू होणारा ओळखीचा शब्द म्हणजे ‘ग्लानी’. अर्थ थकवा, मरगळ. चमकेच्या बरोबर उलटा.

मराठीची चमक दुसऱ्या आवाजांत आहे. झगमग, झळाळी, झळकणं, झगझगीत. चमक, चकाकी, चकचकीत. लखलख, लकाकी, लुकलुकणं. ‘झळाळी’ म्हटल्यावर सोनं डोळ्यांसमोर येतं आणि ‘लुकलुकणं’ म्हटल्यावर लांबचा दिवा. कुणी शिकवलेलं नसतं, तरी घासलेल्या भांड्याला आपण ‘लुकलुकीत’ म्हणत नाही, चकचकीतच म्हणतो. इंग्रजी बोलत मोठं झालेल्या माणसाला ‘ग्लीम’ आणि ‘ग्लिटर’मधला फरक असाच आतून कळतो.

नाकाचं बघायचं तर शिंक, शिंकरणं, शेंबूड हे सगळे ‘श’चे. आपल्या कानाला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण आपण त्याच आवाजांत वाढलेलो असतो.

मग ट्रिक वापरायची की नाही?

वापरायची, पण लक्षात ठेवण्यासाठी. अर्थ ओळखण्यासाठी नाही. परीक्षेत ‘ग्लोट’ आला आणि कुणी पहिल्या दोन अक्षरांवरून ‘चमकणे’ हा पर्याय निवडला, तर उत्तर चुकेल. दुसऱ्याच्या फजितीवर किंवा स्वतःच्या यशावर मनातल्या मनात खूश होणं, असा त्याचा अर्थ आहे. ‘ग्लूम’ म्हणजे तर अंधार आणि उदासी.

आणि अर्थ बरोबर ओळखला तरी काम अर्धंच झालेलं असतं. ‘चमकणे’ या एका शब्दाखाली दडलेले फरक असे आहेत :

• ग्लो : ज्वाळेशिवाय आतून येणारा, स्थिर उजेड. निखारा, काजवा, चेहऱ्यावरचं तेज.
• ग्लीम : गुळगुळीत पृष्ठभागावरून परतणारा सौम्य उजेड. घासलेलं पितळ, पॉलिश केलेली फरशी.
• ग्लिटर : असंख्य बारीक ठिणग्यांसारखी चमक. टिकल्यांची साडी, तारे.
• ग्लिंट : एकदाच, क्षणभर चमकून जाणं. सुरीचं पातं, डोळ्यांतली मिश्कील चमक.
• ग्लिसन : ओलेपणाची चमक. दव, घाम, पाणावलेले डोळे.
• ग्लिमर : मंद, थरथरता उजेड. म्हणून आशेचा अंधुक किरण दिसला की इंग्रजीत ‘ग्लिमर ऑफ होप’.
• ग्लेअर : डोळ्यांना त्रास देणारा झगझगीत उजेड. समोरच्या गाडीचे हेडलाइट, मोबाइलच्या स्क्रीनवर पडलेलं ऊन.

पाहण्याच्या शब्दांतही असाच फरक आहे. ‘ग्लान्स’ म्हणजे मुद्दाम टाकलेला ओझरता कटाक्ष. ‘ग्लिम्प्स’ म्हणजे क्षणभर दिसलेली झलक. ग्लान्स आपण करतो, ग्लिम्प्स आपल्याला मिळते. आणि कुणाकडे ‘ग्लेअर’ करणं म्हणजे रागानं डोळे वटारणं. मैत्रिणीच्या फोटोखाली तिच्या चेहऱ्यावर ‘ग्लेअर’ आहे असं लिहिलं, तर कौतुकाऐवजी भलताच अर्थ निघेल. तिथे ‘ग्लो’च हवा.

म्हणून नवा शब्द भेटला की तीन गोष्टी करून बघता येतील. एक, त्याच अक्षरांचे माहीत असलेले शब्द आठवा आणि अर्थाचा अंदाज बांधा. दोन, डिक्शनरीत अर्थासोबत उदाहरणाचं वाक्य वाचा, कारण शब्द कशासोबत वापरतात हे तिथे कळतं. तीन, चांगल्या डिक्शनरीत शब्दाखाली त्याचं मूळ दिलेलं असतं, तेही वाचा. बऱ्याच मोफत ऑनलाइन डिक्शनऱ्यांतही हा भाग असतो.

तिसऱ्या गोष्टीला अर्धा मिनिट लागतो आणि तीच बहुतेक जण सोडून देतात. ती वाचली तर ‘थर्स्ट’च्या खाली कदाचित तृष्णा भेटेल आणि तो शब्द पुन्हा पाठ करावा लागणार नाही.